दगडाआधी यादी : तालुक्याच्या गावातील एका युद्धस्मारकाचे प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावातले आहे. तेथील माजी सैनिकांच्या संघटनेने २०१६ ते २०१८ या काळात तालुक्यातील दिवंगत सैनिकांसाठी युद्धस्मारक उभारले. गाव, संघटना आणि व्यक्ती यांची नावे येथे दिलेली नाहीत आणि ज्यांवरून एखादे कुटुंब ओळखू येईल असे तपशीलही गाळले आहेत. प्रस्तुत लेखक स्मारक समितीचा सदस्य नव्हता. बैठकांची इतिवृत्ते लिहिण्याचे काम त्याच्याकडे होते, आणि पुढील मजकूर त्या इतिवृत्तांवर आधारलेला आहे. मधूनमधून डोकावणारी मते मात्र लेखकाची आहेत, समितीची नव्हेत.

पार्श्वभूमी

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात घरटी एक माणूस फौजेत असण्याची परंपरा जुनी आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत, आणि ते गाव आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून कुत येथे वेढ्यात अडकलेली ही डिव्हिजन २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली, आणि त्यानंतर कैदेत व वाळवंटातल्या पायपिटीत किती माणसे गेली याच्या कहाण्या या भागातील म्हाताऱ्याकोताऱ्यांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेल्या होत्या. आपल्या तालुक्यातून मात्र नेमके कोण गेले आणि कोण परतले नाही, हे कोणी कधी कागदावर मांडले नव्हते.

संघटना तशी लहान होती. कँटीनच्या दिवशी रांगेत आणि पेन्शनच्या कामासाठी बँकेत जे भेटत, तेच तिचे सभासद. २०१६ च्या प्रजासत्ताकदिनी ध्वजवंदनानंतर तालुक्यातील हुतात्म्यांची नावे वाचण्यात आली. ती चारच होती आणि चारही कारगिलच्या वेळची व त्यानंतरची. समारंभ संपल्यावर १९६५ च्या युद्धात पती गमावलेल्या एका आजींनी संघटनेच्या अध्यक्षांना, म्हणजे निवृत्त ऑनररी कॅप्टनसाहेबांना, आपल्या माणसाचे नाव का घेतले नाही असे विचारले. अध्यक्षांकडे उत्तर नव्हते. पुढच्याच बैठकीत स्मारक बांधायचे ठरले.

येथेच पहिला निर्णयबिंदू होता आणि तो कोणाच्या लक्षात आला नाही. आजींनी दगड मागितला नव्हता, त्यांनी नाव का नाही असे विचारले होते. त्या प्रश्नाचे उत्तर आधी यादीत शोधायला हवे होते. समितीने त्याऐवजी जागा, वर्गणी आणि शिल्प यांपासून सुरुवात केली, आणि यादी आपोआप गोळा होईल असे गृहीत धरले.

जागेचा प्रश्न

सर्वांच्या मनात बसस्थानकासमोरचा चौक होता. तेथे स्मारक येता-जाता दिसले असते आणि चौकाला नावही देता आले असते. नगरपरिषदेतील पदाधिकाऱ्यांनी तोंडी होकारही दिला होता. गावातल्या एका वकिलांनी मात्र सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश समितीपुढे ठेवला. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक उपयोगाच्या अन्य जागांवर पुतळा किंवा बांधकाम उभारण्यास राज्य शासनांनी परवानगी देऊ नये, असे त्यात म्हटले आहे. काही सभासदांना हा अडथळा कागदी वाटला. सैनिकांच्या स्मारकाला कोण हरकत घेणार, असा त्यांचा सूर होता. अध्यक्षांनी तो मान्य केला नाही. ज्यांनी आयुष्यभर आदेश पाळले त्यांचे स्मारक आदेश मोडून उभे करता येणार नाही, असे ते म्हणाले आणि तो विषय तेथे संपला.

उरलेले पर्याय तीन होते. तहसील कार्यालयाच्या आवारातील जागा महसूल खात्याची होती, आणि तेथे प्रशासकीय इमारतीचा नवा आराखडा येऊ घातला होता. नगरपरिषदेची बाग मध्यवर्ती होती, पण त्या न्यायालयीन आदेशाच्या कक्षेत ती येते की नाही याबद्दल वकिलांना खात्री देता येईना. तिसरा पर्याय एका शिक्षणसंस्थेने स्वतःहून पुढे केला. हायस्कूलच्या पटांगणाचा रस्त्यालगतचा कोपरा, शाळेच्या मुख्य फाटकाखेरीज रस्त्याकडून स्वतंत्र दार काढण्याच्या परवानगीसह, देण्याची तिची तयारी होती. समितीने तो स्वीकारला.

ही निवड योग्य होती असे लेखकाला आजही वाटते, पण तिचा करार घाईत झाला. सार्वजनिक न्यासाच्या बिगरशेती जमिनीचा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमान्यतेशिवाय करता येत नाही. ती मान्यता मिळवण्यात वेळ जाईल म्हणून भाडेपट्ट्याऐवजी केवळ वापराची परवानगी घेतली गेली. त्यामुळे स्मारक कायद्याने शिक्षणसंस्थेच्या मालकीचे झाले आणि संघटनेकडे फक्त देखभाल राहिली. याचे परिणाम पुढे दिसले.

पुतळा, रणगाडा की शिळा

बंदूक रोखून उभा असलेला जवान, असे पहिले चित्र समितीपुढे आले. राज्यात पुतळा उभारायचा तर मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, पोलिसांचे ना-हरकत पत्र आणि जिल्हा पातळीवरची परवानगी अशी साखळी असते. शिवाय कोणत्या काळातला जवान, कोणत्या गणवेशात, हा वाद पहिल्याच दिवशी सुरू झाला. लष्कराकडून निवृत्त रणगाडा मागवावा अशी तरुण सभासदांची इच्छा होती, कारण मुले त्याच्याजवळ फोटो काढतात. रणगाडा आणण्याचा आणि सांभाळण्याचा खर्च आपल्याच माथी येणार हे कळल्यावर तो विषय मागे पडला. रणगाड्यात कधीच न बसलेल्या पायदळातील मंडळींना त्याचे फारसे दुःखही झाले नाही.

शेवटी काळ्या दगडाची भिंत आणि तिच्यापुढे उलटी रायफल व तिच्यावर हेल्मेट असे ठरले. यातही एक छोटा पण बोलका प्रसंग घडला. शिल्पकाराने आणलेल्या नमुन्यातील रायफलीला केळ्यासारखे वाकडे मॅगझिन होते. चित्रपटांत दिसणाऱ्या बंदुकीवरून त्याने ते घेतले होते. बैठकीतील एकाही फौजीला ते पाहवेना. मग कोणती रायफल हवी यावर एक संध्याकाळ गेली. १९६२ मध्ये लढलेल्यांच्या हातात पॉइंट थ्री-नॉट-थ्री होती, १९७१ वाल्यांच्या हातात एसएलआर आणि कारगिलवाल्यांच्या हातात इन्सास. अखेर दिल्लीच्या अमर जवान ज्योतीवर जी होती ती एसएलआर निवडली गेली. फौजेत शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती केलेल्या एका निवृत्त आर्मरर हवालदाराने तिची सुमारे ११४ सेंटिमीटर लांबी, मॅगझिनचा आकार आणि संगीन बसण्याची जागा शिल्पकाराला स्वतः आखून दिली.

दगडाबाबत ग्रॅनाइट की स्थानिक बेसॉल्ट, असा प्रश्न होता. ग्रॅनाइटला झळाळी येते आणि यंत्राने अक्षरे पटकन कोरता येतात. बेसॉल्टमध्ये जेथे वायूच्या बुडबुड्यांची छिद्रे राहिलेली असतात तेथे अक्षराची कड तुटते, म्हणून घट्ट पोताचा दगड निवडून घ्यावा लागतो. पाथरवटाने तो निवडून देण्याची हमी दिली आणि बेसॉल्ट ठरला. अक्षरांत सोनेरी रंग भरायचा नाही, हेही त्यानेच सुचवले. रंग तीन पावसाळ्यांत उडतो आणि अर्धे उडालेले नाव न कोरलेल्या नावापेक्षा वाईट दिसते, असे त्याचे म्हणणे होते.

या टप्प्यावरचा सर्वांत दूरदर्शी निर्णय मात्र एका सभासदाने काटकसरीपोटी सुचवला. सगळी नावे एका मोठ्या शिळेवर कोरण्याऐवजी प्रत्येक नावाची स्वतंत्र पट्टी करून ती बोल्टने भिंतीवर बसवावी, म्हणजे एक पट्टी फुटली तर सगळी शिळा बदलावी लागणार नाही, एवढाच त्याचा विचार होता. भिंतीत ४० पट्ट्यांची जागा ठेवली गेली. कोऱ्या पट्ट्या समोरच्या बाजूला लावायला ज्यांची मुले सैन्यात आहेत अशा आयांनी कडाडून विरोध केला, आणि तो रास्त होता. नावाची वाट पाहणारा कोरा दगड रोज डोळ्यांपुढे कोणाला हवा असेल? कोऱ्या पट्ट्या मागच्या बाजूला गेल्या.

वर्गणीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पैसे गोळा करण्यापूर्वी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतली गेली, बहुतेक सभासदांनी एका महिन्याचे पेन्शन दिले, आणि एका सहकारी साखर कारखान्याने दर्शनी भागात कारखान्याच्या अध्यक्षांच्या नावाची पाटी लावण्याच्या अटीवर देऊ केलेली मोठी रक्कम नाकारण्यात आली. त्याच कारखान्याने दगड वाहण्यासाठी ट्रक मात्र विनाअट दिले. देणगीदारांची नावे दगडावर नाहीत, ती एका वहीत आहेत.

यादी

२०१७ च्या पावसाळ्यात पाया भरला गेला, आणि तेव्हाही यादी तयार नव्हती. समितीने गावोगावी ग्रामपंचायतींच्या फलकांवर आवाहन लावले होते की दिवंगत सैनिकांच्या कुटुंबीयांनी फोटो आणि कागदपत्रांसह अर्ज करावेत. १९ अर्ज आले. त्यांतून जो प्रश्न उभा राहिला त्याने पुढचे एक वर्ष घेतले.

अर्जांत १९६२, १९६५ आणि १९७१ चे जवान होते, श्रीलंकेत शांतिसेनेबरोबर गेलेला एक होता, काश्मिरात चकमकीत पडलेले होते. सीमा सुरक्षा दलाचा एक जवान होता. लष्करी ताफ्यातील गाडी दरीत कोसळून गेलेला एक होता. प्रशिक्षणात, आजारपणात आणि बदलीच्या प्रवासात गेलेले होते. आणि रजेवर घरी आला असताना मोटारसायकलच्या अपघातात गेलेला एक तरुण होता. त्याचे वडील, स्वतः निवृत्त हवालदार, समितीचे खजिनदार होते.

समितीपुढे तीन पर्याय मांडले गेले. पहिला, सेवेत असताना ज्याचा मृत्यू झाला त्या प्रत्येकाचे नाव घ्यावे. यामागे माया होती, आणि कोणत्याही कुटुंबाला नाही म्हणावे लागले नसते. पण मग स्मारकाला युद्धस्मारक म्हणता आले नसते. दुसरा, फक्त शौर्यपदक मिळालेल्यांची नावे घ्यावीत. हा पर्याय अध्यक्षांनीच फेटाळला. पदकासाठी कोणीतरी पाहणारा जिवंत राहावा लागतो, असे त्यांचे कारण होते. तिसरा, लष्कराच्या नोंदीत ज्याचा मृत्यू ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (युद्धात किंवा लष्करी मोहिमेत आलेला मृत्यू) म्हणून लिहिलेला आहे त्याचे नाव घ्यावे आणि ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ (आजार, अपघात अशा इतर कारणांनी आलेला मृत्यू) असेल तर घेऊ नये. सामान्य माणसाला हा भेद रुक्ष वाटतो, पण त्याचा एक मोठा फायदा होता. निर्णय समितीच्या हाती राहत नव्हता. गावात रोज एकमेकांची तोंडे पाहणाऱ्या माणसांनी कोणाच्या मुलाचे मरण किती मोठे हे ठरवू नये, असे इतिवृत्तात एका सुभेदारसाहेबांच्या तोंडी नोंदलेले आहे.

हा विषय निघाला त्या दिवशी खजिनदार हिशेबाची वही टेबलावर ठेवून बाहेर गेले. त्यांना कोणी तसे सांगितले नव्हते. तिसरा पर्याय मंजूर झाला. त्यानुसार त्यांच्या मुलाचे नाव बसत नव्हते. पुढच्या बैठकीला ते वेळेवर आले आणि त्यांनी जमाखर्च वाचून दाखवला.

जी नावे निकषात बसत नव्हती त्यांच्यासाठी एक नोंदवही करायची आणि दरवर्षी स्मरणदिनी भिंतीवरील नावांबरोबर तिचेही वाचन करायचे, असा उपठराव झाला. हा उपाय अपुरा होता, पण तो नसता तर समिती फुटली असती.

शब्दाचाही वाद झाला. ‘शहीद’ या शब्दाला सैन्यदलांत अधिकृत व्याख्या नाही, हे केंद्र शासनाने संसदेत स्पष्ट केलेले आहे. ‘हुतात्मा’ हा शब्द आपल्याकडे १९४२ च्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याशी जोडलेला आहे. त्याच गावात १९८० च्या दशकात शासनाने बांधलेले, फरश्या उखडलेले एक हुतात्मा स्मारक होतेच. म्हणून भिंतीवर ‘कर्तव्य बजावताना प्राण दिलेल्या तालुक्यातील सैनिकांच्या स्मरणार्थ’ एवढेच कोरले गेले.

स्वातंत्र्यापूर्वीची नावे

पहिल्या महायुद्धातील सैनिक घ्यावेत की नाही, यावर दोन बैठका झाल्या. ते इंग्रजांसाठी लढले, असा एक आक्षेप होता. दुसरी बाजू अशी होती की दुष्काळात घर जगवण्यासाठी भरती झालेल्या माणसाला साम्राज्याच्या हिशेबात मोजणे अन्यायाचे आहे, आणि त्यांच्या विधवांनी भोगलेले वैधव्य काही परके नव्हते. देशात तरी याबाबत एकच रीत कोठे आहे? इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक नावे आहेत आणि ती सगळी इंग्रजी अमलातली आहेत. दिल्लीत तेव्हा बांधकाम चालू असलेले राष्ट्रीय युद्धस्मारक स्वातंत्र्योत्तर काळासाठी होते. समितीने दोन्ही काळ घ्यायचे ठरवले.

यासाठी दोन्ही महायुद्धांतील मृत सैनिकांची माहिती ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या नोंदी शोधल्या गेल्या आणि एका निवृत्त शिक्षकांनी ते काम चार महिने केले. या नोंदींत अनेकदा वडिलांचे नाव, गाव आणि तालुका दिलेला असतो, पण रोमन लिपीत आणि त्या काळच्या कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे. पोवार की पवार, सावळा की सावळाराम, हे प्रत्येक वेळी गावात जाऊन भावकीत विचारावे लागले. मेसोपोटेमियात मेलेल्यांचे स्मारक बसऱ्याला आहे. तेथे भारतीय शिपायांची नावे मुळात कोरलीच नव्हती, पलटणीच्या नावापुढे फक्त आकडा होता. हे कळल्यावर आक्षेप घेणाऱ्यांचाही विरोध मावळला. या शोधातून पहिल्या महायुद्धाची १४ आणि दुसऱ्याची ५ नावे मिळाली. अर्जांच्या वाटेने त्यांतले एकच आले होते.

हा आकडा पाहून समितीने जो निष्कर्ष काढायला हवा होता तो काढला नाही. नोंदी शोधल्या तेव्हा १९ नावे मिळाली आणि अर्जांची वाट पाहिली तेव्हा एक. मग स्वातंत्र्योत्तर काळासाठीही अर्जांवर विसंबता कामा नये, हे उघड होते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत नोंदी मागवल्या गेल्या, पण त्या मुख्यतः ज्यांचे अर्ज आले होते त्यांच्या पडताळणीसाठी. संपूर्ण तालुक्याची यादी मागणारे पत्र फक्त बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या अभिलेख कार्यालयाला गेले, कारण इथला माणूस म्हणजे मराठा पलटणीतला, हे सर्वांनी धरून चालले होते. तोफखान्याचे अभिलेख नाशिक रोडला असतात, सॅपर्सचे, म्हणजे लष्करी अभियंत्यांचे, खडकीला, महार रेजिमेंटचे सागरला, चिलखती दलाचे अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला). तेथे कोणी लिहिले नाही.

अनावरण

अनावरणाचा दिवस आधी २६ जुलै २०१८, म्हणजे कारगिल विजय दिन ठरला होता. तो पुढे ढकलावा लागला, आणि प्रमुख पाहुण्यांची तारीख हातची गेली म्हणून काही सभासद नाराज झाले. लेखकाच्या मते या प्रकरणातली ही सर्वांत चांगली दिरंगाई होती. सीमा सुरक्षा दल गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत येते, म्हणून त्या जवानाचे नाव सैनिकांच्या स्मारकावर नको, असे जुलैपर्यंत बहुमत होते. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी दिल्लीत, सीमा सुरक्षा दलासारख्या केंद्रीय दलांनाही सामावणाऱ्या राष्ट्रीय पोलिस स्मारकाचे उद्घाटन झाले आणि त्याच्या बातम्या वाचून वातावरण बदलले. सीमेवर गोळी लागून मेलेल्या माणसाच्या पगाराची पावती कोणत्या मंत्रालयातून निघत होती हा प्रश्न अचानक खुजा वाटू लागला. त्याचे नाव भिंतीवर आले.

पट्ट्यांवर क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, गाव आणि वर्ष, सर्वांची अक्षरे एकाच मापाची आणि क्रम मृत्यूच्या तारखेनुसार, असे ठरले. भिंतीची आखणी पाहायला आलेल्या, सुरुवातीला उल्लेख आलेल्या आजींनी वरच्या ओळीपर्यंत आपला हात पोहोचत नाही असे सांगितले. त्या कमरेतून वाकलेल्या होत्या आणि त्यांना नाव वाचता येत नसल्याने ते हातानेच चाचपायचे होते. चारही ओळी जवळजवळ दोन वीत खाली घेण्यात आल्या. वास्तुरचनाकाराला प्रमाण बिघडल्यासारखे वाटले. ते थोडे बिघडले आहेही.

१६ डिसेंबर २०१८ रोजी, विजय दिनी, ३१ नावांसह स्मारकाचे अनावरण झाले. १९ नावे स्वातंत्र्यापूर्वीची होती, ११ नंतरच्या लष्करी जवानांची आणि एक सीमा सुरक्षा दलाच्या जवानाचे. अनावरण कोणा पुढाऱ्याच्या हस्ते नव्हे, तर उपस्थित वीरपत्नींपैकी सर्वांत वयस्कर असलेल्या त्या आजींच्याच हस्ते झाले.

नंतर काय घडले

पहिली चूक पंधरा दिवसांत सापडली. पहिल्या महायुद्धातील एका शिपायाच्या गावापुढे ‘बुद्रुक’ कोरले होते, पण तो ‘खुर्द’चा होता. मूळ नोंदीत दोन्हींपैकी काहीच नव्हते आणि मोठे गाव म्हणून बुद्रुक धरले गेले होते. खुर्दच्या ग्रामस्थांनी वंशावळ आणून दाखवली. पट्टी उतरवून नवी बसवली.

दुसरी चूक जास्त जड होती. २०१९ च्या सुरुवातीला स्मारकाचा फोटो मोबाइलवर फिरत फिरत मुंबईत पोहोचला आणि तेथून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांचे काका याच तालुक्यातले, तोफखान्यात गनर होते आणि १९७१ च्या युद्धात गेले होते. कुटुंब त्याआधीच गिरणीच्या नोकरीसाठी परळला गेलेले, गावातले घर पडलेले, भावकीत कोणी उरलेले नाही. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या फलकावरचे आवाहन वाचणारे कोणी नव्हते आणि अर्ज करणारेही कोणी नव्हते. त्याच वर्षी २५ फेब्रुवारीला दिल्लीतील राष्ट्रीय युद्धस्मारक खुले झाले आणि तेथे ते नाव आहे असे त्यांनी कळवले. म्हणजे जे नाव दिल्लीच्या भिंतीवर होते ते त्याच्या स्वतःच्या तालुक्यात नव्हते.

समितीने नाशिक रोडहून नोंद मागवून नवी पट्टी कोरली, पण ती लावायची कोठे हा प्रश्न आला. समोर जागा नव्हती आणि मागची बाजू ही पुतण्याला सावत्रपणाची वाटली. येथे बोल्टने लावलेल्या पट्ट्यांचा खरा उपयोग झाला. एका रविवारी १९७१ नंतरच्या सर्व पट्ट्या उतरवल्या, भिंतीची एक ओळ वाढवली आणि गनरची पट्टी त्याच्या वर्षाच्या जागी बसवून बाकीच्या क्रमाने लावल्या. पुढे, दरीत कोसळलेल्या ताफ्यातील जवानाच्या मृत्यूची नोंद ‘बॅटल कॅज्युअल्टी’ अशी असल्याचे पत्र अभिलेख कार्यालयाकडून आले आणि तीच कसरत पुन्हा झाली. आज भिंतीवर ३३ नावे आहेत.

जागेच्या कराराचा त्रासही अपेक्षेप्रमाणे झाला. शिक्षणसंस्थेचे संचालक मंडळ बदलल्यावर नव्या मंडळाने सुरक्षेच्या कारणावरून रस्त्याकडचे दार सुट्टीच्या दिवशी बंद ठेवायला सुरुवात केली. नेमके रविवारी आणि सणावारी, जेव्हा गावाबाहेर गेलेली कुटुंबे येतात, तेव्हाच स्मारकाला कुलूप. सध्या किल्ली शेजारच्या किराणा दुकानात ठेवण्याची तोंडी तडजोड आहे.

वेगळे काय करता आले असते

यादी आधी आणि पाया नंतर, हा क्रम पाळला असता तर तोफखाना, सॅपर्स, सिग्नल्स, महार रेजिमेंट अशा सर्व अभिलेख कार्यालयांना तालुक्याचे नाव देऊन विचारायला वेळ मिळाला असता. पाया भरल्यावर वर्गणीदार काम कोठवर आले असे विचारू लागतात आणि उत्तर दगडात द्यावे लागते. अर्ज मागवणे चुकीचे नव्हते, पण अर्ज ज्यांचे कोणी मागे उरले आहे त्यांचेच येतात. स्थलांतरित कुटुंबे, मूलबाळ नसलेले जवान आणि दुसरे लग्न झालेल्या विधवांचे पहिले पती हे तिन्ही गट या वाटेने सुटतात. समितीने मुंबईतील तालुका-मंडळांना एक पत्र पाठवले असते तरी गनरचे नाव पहिल्याच दिवशी लागले असते.

निकष अर्ज येण्यापूर्वी जाहीर व्हायला हवा होता. तो नंतर ठरल्यामुळे प्रत्येक नकार एका विशिष्ट घराला दिल्यासारखा झाला. खजिनदारांच्या बाबतीत तर समितीने त्यांच्या सभ्यतेवर सगळा भार टाकला. तो विषय येण्यापूर्वी अध्यक्षांनी त्यांच्या घरी जाऊन बोलायला हवे होते आणि तसे कोणी गेले नाही. निकष मात्र बदलायला हवा होता असे लेखकाला वाटत नाही, कारण तो सैल केला असता तर पुढच्या प्रत्येक अर्जावर मतदान घ्यावे लागले असते.

जागेसाठी धर्मादाय आयुक्तांची मान्यता घेऊन दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा करणे शक्य होते. अनावरणाची तारीख नाहीतरी पुढे गेलीच होती, तेव्हा वेळेची सबब टिकत नाही.

सद्यस्थिती

दरवर्षी १६ डिसेंबरला सकाळी भिंतीवरील नावे वाचली जातात आणि त्यानंतर नोंदवही. भिंतीवरची नावे हायस्कूलची मुले वाचतात, नोंदवही खजिनदार वाचतात. पहिल्या वर्षी आपल्या मुलाच्या नावापाशी आल्यावर त्यांनी वही शेजारच्या सुभेदारसाहेबांकडे दिली होती. दुसऱ्या वर्षापासून ते स्वतःच वाचतात, फक्त त्या ओळीला त्यांचा वेग वाढतो.

प्रशिक्षणात मृत्यू पावलेल्या एका जवानाच्या बहिणीने निकषाचा फेरविचार व्हावा असा लेखी अर्ज दिला आहे. तो तीन बैठकांच्या कार्यक्रमपत्रिकेवर आला आणि तिन्ही वेळा गणपूर्तीअभावी पुढे गेला. मूळ समितीतील चार जण आता हयात नाहीत. मागच्या बाजूच्या कोऱ्या पट्ट्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरते आणि ते दिवाळीआधी ब्रशने काढावे लागते.